वस्तरा बाजूला ठेवून

मिनिटकाकांना चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाचं तरी यकृत मिळालं होतं, आणि त्याबद्दल ते कुणाशीही कितीही वेळ बोलायला तयार असत. अट एकच. ऐकणाऱ्याने त्यांच्याकडे पाठ करून बसायला हवं.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. अडतीस वर्षं त्यांनी सलून चालवलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत, काका त्याच्या मागे उभे, आणि दोघांच्या गप्पा समोरच्या आरशातून. हातात कात्री आली की त्यांची जीभ सैल व्हायची आणि कात्री खाली ठेवली की पुन्हा टाळूला चिकटायची. बाकावर वाट बघणाऱ्यांना ते "एकच मिनिट" म्हणत आणि पाऊण तास बसवून ठेवत, म्हणून गल्लीने त्यांचं नाव मिनिटकाका ठेवलं होतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगायच्या की घरी यांच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं तर मी आधी यांच्या हातात कंगवा देते.

चार वर्षांपूर्वी मात्र त्यांच्या हातात कंगवाही ठरत नव्हता. यकृत बिघडलं होतं. यकृत म्हणजे पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली राबणारा एक मोठा, मुका कामगार. तो रक्त साफ ठेवतो, खाल्लेलं अंगी लावतो, आणि आपण तिथे आहोत याची आठवणसुद्धा कधी करून देत नाही. त्याने काम थांबवलं तेव्हा काकांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता दुरुस्ती नाही, बदलावंच लागेल. सात महिने वाट पाहण्यात गेले. मग एका दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. कुठल्या तरी घरातला एक माणूस गेला होता. त्याचा मेंदू कायमचा थांबला होता, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून तसं सांगितलं होतं. यंत्राच्या जोरावर फक्त श्वास आणि हृदय चालू होतं. तेवढ्या वेळात त्याच्या घरच्यांनी "हो" म्हटलं होतं. तो कोण, किती वर्षांचा, हे काकांना कधीच कळलं नाही. हॉस्पिटल ते सांगत नाही.

त्या सगळ्या महिन्यांत सलूनची किल्ली पोस्टमनकडे होती. पोस्टमन हा काकांचा सर्वांत जुना मित्र आणि सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं तो रोज सकाळी सात वाजता दाढीला यायचा आणि मग टपाल वाटायला जायचा. निवृत्त झाल्यावर टपाल सुटलं, सातची दाढी सुटली नाही. काका हॉस्पिटलात पडून होते तेव्हाही तो सातला दुकान उघडायचा, झाडायचा, आरसा पुसायचा, रिकाम्या खुर्चीत पाच मिनिटं बसायचा आणि कुलूप लावून घरी जायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, दुकान सारखं बंद दिसलं की लोकांची सवय मोडते.

काका बरे झाले. तोंडाला मास्क लावून, ठरल्या वेळी गोळ्या घेऊन पुन्हा खुर्चीमागे उभे राहू लागले. आणि एके दिवशी तपासणीला गेले असताना त्यांना ताईंनी गाठलं.

ताई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या, पण हॉस्पिटलात सगळेच त्यांना ताई म्हणत. देणाऱ्याचं घर, घेणारा आजारी आणि मधले डॉक्टर या सगळ्यांची गाठ घालून द्यायची हे त्यांचं काम. त्यांनी काकांना समजावून सांगितलं की अजून कितीतरी लोक वाट पाहत पडून आहेत, आणि अवयवदान म्हणजे काय हे लोकांना डॉक्टरांनी सांगितलं तर लोक मान हलवतात आणि विसरून जातात. तेच तुमच्यासारख्या चालत्याबोलत्या माणसाने सांगितलं तर मनावर घेतात. पुढच्या आठवड्यात सभा आहे. दहा मिनिटं बोलाल का?

काकांनी हो म्हटलं. त्यांना वाटलं, बोलणं तर आपल्या हातचा मळ.

सभेला साठ-सत्तर लोक होते आणि सगळ्यांची तोंडं काकांकडे होती. एवढी तोंडं एकदम समोरून त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.  हात रिकामे होते, ते आधी खिशात गेले, मग पाठीमागे गेले. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून त्यांनी ती पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांवर ठेवली. "नमस्कार," ते म्हणाले.  आणि मग माईकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं:

"तुमचा डावा कल्ला बोटभर लांब आहे."

सभागृहातल्या एकूण एक पुरुषाने डाव्या कानाशी हात नेऊन पाहिला. काका खाली उतरले ते थेट बाहेरच पडले.

ताई त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. त्या हसत होत्या, पण काकांना नव्हे. त्यांनी विचारलं, की तुम्ही दुकानात बोलता ना? मग दुकानातच बोला. तिथे तुमच्यासमोर दिवसाला वीसेक माणसं बसतात, तीन-चार दिवसांत आमच्या सभेएवढी होतात, आणि ती सभा जमवताना आमच्या नाकी नऊ येतात. आणि त्यांनी फॉर्मचा एक गठ्ठा काकांच्या पिशवीत ठेवला.

काकांनी हे काम अगदी मनापासून अंगावर घेतलं. आपल्या कामात ते शिस्तीचे होते, तशीच त्यांनी याचीही एक शिस्त बसवली. केस कापायला आलेल्याला काही सांगायचं नाही, कारण तो मान हलवतो आणि कात्री चुकते. सांगायचं ते दाढीवाल्याला. आधी फेस लावायचा. डावा गाल करताना आजाराची सुरुवात सांगायची. उजव्या गालाला ऑपरेशन. मग खुर्ची मागे कलती करायची, हनुवटी दोन बोटांनी वर उचलायची, वस्तरा गळ्यावर टेकवायचा आणि शांतपणे विचारायचं, "मग, तुमचं काय मत? भरणार का फॉर्म?"

खुर्चीतला माणूस छताकडे बघत म्हणायचा, "हं."

गळ्यावर वस्तरा असताना दुसरं काही म्हणताच येत नाही. मान हलवता येत नाही, आवंढा गिळता येत नाही. पण हे काकांच्या लक्षात आलं नाही. अडतीस वर्षं ते गिऱ्हाइकांचे "हं" ऐकत आले होते. कल्ले बारीक करू? हं. तुरटी फिरवू? हं. त्यांच्या धंद्यात "हं" म्हणजे होच. ते टॉवेलने तोंड पुसून द्यायचे आणि टॉवेल काढल्या काढल्या हातात पेन ठेवायचे. आता एकदा "हं" म्हटल्यावर मागे कसं फिरायचं, म्हणून माणूस सही करायचा. काका फॉर्मचा खालचा तुकडा, म्हणजे काय काय द्यायचं ठरलं त्याची पावती, फाडून त्याच्या खिशात घालायचे आणि हसून पुढच्याला हाक मारायचे.

एका महिन्यात एकवीस फॉर्म झाले. त्यात पोस्टमनचाही होता. ताईंना गठ्ठा नेऊन दिला तेव्हा त्यांचे डोळेच विस्फारले. असं कधी झालं नाही, काका, तुम्ही करता तरी काय, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, काही नाही, मनापासून सांगतो.

त्याच महिन्यात गल्लीत दाढ्या वाढायला लागल्या.

पहिल्यांदा बँकेतल्या कॅशियरची वाढली. मग शिकवणीवाल्या सरांची. मग इस्त्रीवाल्याचा मेव्हणाही दाढी ठेवून हिंडू लागला. सलूनमध्ये येत ते फक्त केस कापायला, आणि तेही नुसती मशीन मारा म्हणत. दोघे-तिघे तर दुकानावरून जाताना समोरच्या फुटपाथने जाऊ लागले. काकांनी यावर दोन दिवस विचार केला आणि फॅशन बदलली असावी असा निष्कर्ष काढला. त्यांनी दाढीला लावायच्या तेलाच्या बाटल्या आणून आरशासमोर ओळीने मांडल्या.

पण सात वाजता पोस्टमनही येईना. एक दिवस झाला, दोन झाले, आठवडा झाला. फोन केला तर उचलायचा नाही. काका रोज सातला खुर्चीवरचं कापड झटकायचे आणि दाराकडे बघत उभे राहायचे. बाकीचं सगळं गिऱ्हाईक गेलं असतं तरी त्यांनी सोसलं असतं. ही सातची खुर्ची रिकामी राहणं त्यांना सोसवेना. त्यांना वाटलं, आजारी असेल. मग एका सकाळी तो त्यांना रस्त्यापलीकडे दिसला. आजारी मुळीच नव्हता. गालभर पांढरी दाढी होती. काकांना पाहून त्याने मान खाली घातली आणि काढता पाय घेतला.

काका घरी आले ते चेहरा पाडून. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. तुम्ही फॉर्मचं नेमकं कधी विचारता, असं त्यांनी विचारलं. काकांनी डावा गाल, उजवा गाल, हनुवटी असं सगळं क्रमाने सांगितलं. काकूंनी हातातली सुई कापडात खोवून ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "लोकांचं ते ‘हो’ तुम्हाला होतं, का वस्तऱ्याला?"

काका रागावले. कुणी आपल्याला घाबरतं, हे त्यांना पटेना. पण त्या दुपारी ताई स्वतः सलूनमध्ये आल्या, आणि त्यांच्या हातात तो एकवीस फॉर्मचा गठ्ठा होता.

त्यांनी सांगितलं की प्रत्येक फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या सहीची एक ओळ असते. या एकवीसही फॉर्मवर ती ओळ कोरी आहे. म्हणून त्यांनी एकेकाला फोन करून विचारायला सुरुवात केली, की घरी सांगितलंत का? पहिला फोन पोस्टमनला लावला. पोस्टमनने सही आपलीच असल्याचं कबूल केलं. मग म्हणाला, पण बाई, त्या वेळी माझ्या गळ्यावर वस्तरा होता. ताईंना वाटलं, थट्टा करतो आहे. दुसऱ्याला फोन लावला. त्याने विचारलं, फोन त्या मिनिटकाकांच्या सांगण्यावरून केलाय का, आणि आपण नाही म्हटलं तर त्यांना कळेल का. तिसरे शिकवणीवाले सर. ते म्हणाले, माझ्या कानात फेस गेला होता, सही कशावर केली तेच मला माहीत नाही.

हे सांगता सांगता ताईंना हसू आवरेना. त्या रिकाम्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. काका मात्र तेलाच्या बाटल्यांशेजारी उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

हसून झाल्यावर ताई गंभीर झाल्या. त्या रागावल्या नाहीत. लहान मुलाला गणित समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. सही कितीही ठळक असली तरी शेवटच्या वेळी आम्ही कागदाला विचारत नाही, घरच्यांना विचारतो. त्या वेळी माणूस स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या मनात काय होतं ते घरच्यांना माहीत असलं तर त्यांना बोलायला सोपं जातं. माहीत नसलं, तर ऐन दुःखात त्यांच्यापुढे ओझं येऊन पडतं. आणि कुणी भीतीने हो म्हटलं होतं असं एकदा पसरलं, तर मनापासून देणारासुद्धा मागे सरेल.

"मग आता?" काकांनी विचारलं.

ताईंनी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "ज्याचा त्याला परत करून या, काका. घरी जाऊन. काही मागायचं नाही. फक्त परत द्यायचं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जायचं म्हणजे माणसं समोरून असणार. पण चूक त्यांची होती आणि फॉर्म त्यांच्या हातात होते. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि रोज दुपारी दोन-दोन, तीन-तीन घरं करायला सुरुवात केली.

पहिल्या घरी ते दारातच उभे राहिले, कागद पुढे केला आणि म्हणाले, माझं चुकलं, हा घ्या. कॅशियरने कागद घेतला, मोठा श्वास सोडला आणि काकांना चहाला बसवलं. चहा होईपर्यंत कॅशियरच्या आईने काकांना विचारलं की दुसऱ्याचं यकृत आत बसलं की पहिल्यासारखंच जेवता येतं का. काकांनी अडखळत उत्तर दिलं. त्यांना घाम फुटला होता, पण उत्तर देता आलं. शिकवणीवाल्या सरांनी फॉर्म पहिल्यांदाच नीट वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि विचार करून सांगतो म्हणाले. इस्त्रीवाला मात्र खवळला. तो म्हणाला, मी तुमच्या वस्तऱ्याला भ्यायलो असं तुम्हाला सांगितलं कुणी? मी हो म्हटलं ते हो. आणा इकडे, बायकोची सही मी आत्ता घेतो. भ्यायला असेल तर मेव्हणा. मेव्हणा आतल्या खोलीतून म्हणाला, होय, मी भ्यालो.

काही जणांनी कागद फाडला, काहींनी ठेवून घेतला. काका कुणाकडेच काही मागत नव्हते. पण घराघरांतून लोकच विचारत होते, आणि रोज त्यांना थोडं कमी अडखळायला होत होतं.

पोस्टमनचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं.

दार वहिनींनी उघडलं. पोस्टमनच्या बायकोला काका पहिल्यापासून वहिनी म्हणत. एरवी त्या "या भावोजी" म्हणून बाजूला होत. आज झाल्या नाहीत. दारातच त्यांनी काकांना सुनावलं. छत्तीस वर्षांत या माणसाने मला विचारल्याशिवाय पायमोजाही घेतला नाही. आणि धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात मला हा तुकडा सापडतो. डोळे, मूत्रपिंडं, यकृत, हृदय, सगळ्या चौकोनांत खुणा. मी काय समजायचं? मला वाटलं, यांना काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि माझ्यापासून लपवताहेत. दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणतात, त्याने वस्तरा लावला होता. म्हणून मीच सांगितलं, त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही.

काका ऐकत राहिले. वहिनींचं सगळं बोलून झालं तेव्हा ते म्हणाले, तुमचं खरं आहे. मग वहिनी बाजूला झाल्या.

आत पोस्टमन खिडकीशी बसला होता. दाढी त्याला मुळीच शोभत नव्हती. काका त्याच्यासमोर बसले. मध्ये आरसा नव्हता. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

"हा परत द्यायला आलोय," काका म्हणाले. "चुकलो मी. दुकानात मी सगळ्यांना माझीच गोष्ट सांगायचो. माझा आजार, माझं ऑपरेशन, मी कसा बरा झालो. पण त्या दिवशी मला फोन यायच्या आधी कुणीतरी त्या माणसाच्या बायकोला विचारलं असेल. नाहीतर आईला. तिचं माणूस समोर पडलेलं. आणि ती हो म्हणाली. तिच्या गळ्यावर वस्तरा नव्हता."

एवढं सलग ते समोरासमोर कधीच बोलले नव्हते.  वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

पोस्टमनने फॉर्म उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग त्याने हळू आवाजात सांगितलं की त्याला हे नकोच होतं. का ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. भीती वाटते म्हणाला. मला जाऊ द्यायचं तर आख्खा जाऊ द्या, असं वाटतं. पण समोर तू. तू तर अशाच कुणामुळे जिवंत आहेस. तुला नाही कसं म्हणणार? वस्तरा नसता तरी मी नाही म्हटलं नसतं, आणि म्हणून तुझ्यासमोर यायला तोंड राहिलं नाही.

"मग फाड," काका म्हणाले.

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल थोडं. फाड तरी."

पोस्टमनने फॉर्म मधोमध फाडला. काकांना वाईट वाटलं, पण लगेच बरंही वाटलं, कारण समोरच्या माणसाने महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं होतं.

काका उठायला लागले तेव्हा वहिनींनी विचारलं, "कोरा आहे का एखादा?"

 वहिनी म्हणाल्या, की महिनाभर गल्लीत सगळ्या पुरुषांना विचारून झालं. बायका काय तुमच्या खुर्चीत बसत नाहीत. मला कुणी विचारलंय का?

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकवीस फॉर्म, आणि एकवीसही पुरुषांचे. अर्धी गल्ली त्यांनी मोजलीच नव्हती. त्यांनी घाईघाईने पिशवीतून कोरा फॉर्म काढला. वहिनींनी चष्मा लावला आणि तो वरपासून खालपर्यंत वाचला. मध्येच त्यांनी विचारलं की साठी उलटलेल्याचं चालतं का. काका म्हणाले, वयामुळे आपण आधीच नाही म्हणू नये, काय उपयोगाचं आहे ते त्या वेळी डॉक्टर बघतात. वहिनींनी चौकोनांत एकेक खूण केली, अगदी सावकाश, ‘डोळे’ लिहिलेल्या चौकोनाशी थोडं थांबून. सही केली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून फॉर्म नवऱ्यापुढे सरकवला.

"इथे तुमची."

पोस्टमनने आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून रजिस्टरवर बोट ठेवलं होतं आणि इथे सही करा म्हणून सांगितलं होतं. आता त्याला ओळ सापडेना. तो म्हणाला, मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आधी मीच जाणार, माझ्या सहीचा उपयोग काय?

"ते कोण आधी ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मी आधी गेले आणि त्या ताईंनी तुम्हाला विचारलं, तर काय सांगाल?"

पोस्टमनने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. काकांना वाटलं, आपण आता इथे नसायला हवं होतं. पण उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

"हो सांगेन," पोस्टमन म्हणाला.

"नीट ऐकू आलं नाही."

"हो सांगेन, म्हटलं ना. तुझं म्हणून सांगेन." त्याने सही केली. अक्षर जुन्या सवयीचं, स्वच्छ आलं. मग तो बायकोला म्हणाला की आता तरी दाढी करू दे, मानेला खाजतं. वहिनी म्हणाल्या, उद्या सातला जा.

सकाळी सातला तो आला. काकांनी काही न बोलता कापड बांधलं आणि फेस लावला. महिन्याभराची दाढी, तिला वेळ लागला. डावा गाल झाला, उजवा झाला, हनुवटी वर झाली, गळा झाला, आणि तेवढ्या वेळात काका एक शब्द बोलले नाहीत. बाकावर इस्त्रीवाल्याचा मेव्हणा आपली पाळी यायची वाट बघत होता. तो खुर्चीत काय चाललंय ते मान लांब करकरून बघत होता.

तुरटी फिरवून झाली, तोंड पुसून झालं. पोस्टमन खुर्चीतून उठला, पण घरी गेला नाही. बाकावर मेव्हण्याशेजारी बसला. काकांना म्हणाला, जरा इकडे ये, बस. काका हात पुसत आले आणि बसले.

"मला एक सांग," पोस्टमन म्हणाला. "त्या वेळी तिला दुखणार तर नाही ना? तिला काही कळणार नाही ना?"

काकांनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. मेंदू थांबतो आणि श्वास नुसता मशीनवर चालतो म्हणजे काय होतं, डॉक्टर ते किती वेळा तपासतात, आणि तो पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यानंतरच घरच्यांना का विचारतात. दुखणं मेंदूला कळतं, आणि तो गेल्यावर दुखणंही उरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पोस्टमनने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. काकांना काही ठिकाणी उत्तर आलं नाही, तेव्हा ते म्हणाले, हे मला माहीत नाही, ताईंना विचारू. मेव्हणा सरकून त्यांना जागा करून देता देता बाकाच्या टोकाशी गेला होता, आणि आपली पाळी आली आहे हे तो पार विसरला होता.

"आणि मग त्या श्वासाच्या मशीनचं काय करतात?" मेव्हण्याने विचारलं.